अडवलेल्या चार जागा

मी धांदरट माणूस नाही. बँकेत पस्तीस वर्षं शिस्तीत काढली. त्यामुळे गणपतीची रेल्वे तिकिटं साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला काढणं हे माझं दरवर्षीचं व्रत. लेक उर्वी, जावई आणि दोन नातवंडं मुंबईहून रत्नागिरीला येणार. पण रजा कधीची मिळेल ते उर्वीला शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून मी शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन गाड्यांची चार-चार तिकिटं काढतो आणि ऐनवेळी दोन गाड्यांची रद्द करतो. यात चुकलं काय?

गोदा दर मंगळवारी आणि शनिवारी पालीहून भाजी घेऊन येते. यंदा श्रावणात पडवळ निवडून देता देता तिने कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला.

"राजाभाऊ, आमच्या ऋत्विकचं तिकीट बघा ना जरा."

ऋत्विक तिचा मुलगा, विरारला असतो. सून सहा महिन्यांची गरोदर. तिला उभ्याने आणता येत नाही आणि एकटीला सोडूनही येता येत नाही. इकडे गोदाच्या नवऱ्याचा, रामाचा, गुडघा कामातून गेलेला. शेताच्या बांधावरून गणपती डोक्यावर घेऊन घरी आणायला दुसरं माणूस नाही. मी मोबाईलवर पाहिलं. दोघांची तिकिटं वेटिंगवर, तीन आणि चार नंबर.

"सरकेल," मी म्हटलं.

तीन आठवडे ढिम्म सरकलं नाही. गोदा येताच विचारायची, "सरकला काय ओ नंबर?" आणि माझं डोकं फिरायचं.

"लाज नाही लोकांना! नको असलेली तिकिटं अडवून बसतात."

"कोण ओ असतात ही माणसं?"

"असतात पैसेवाले."

त्या दिवशी गोदा फाटकाबाहेर गेली आणि आत उमाचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं, नारळ खवणं थांबलं.

"अहो, ऋत्विकची गाडी कोणती?"

"शुक्रवारची."

"आणि आपली शुक्रवारची कोणती?"

एवढं विचारून ती पुन्हा खवायला लागली. मी भडकलो. "चोरी केली का मी? रीतसर पैसे भरलेत. रद्द करताना कापतात तेही मीच सोसतो!"

बोललो आणि तिथेच अडकलो. सोसतो, म्हणजे मला परवडतं. ऋत्विकने तीन गाड्या धरून ठेवायच्या म्हटल्या तर त्याचा महिना कोलमडेल. जन्मभर मी स्वतःला साधा मध्यमवर्गीय म्हणत आलो. पैसेवाले म्हणजे पावसला आंब्याच्या बागा असलेले. पण 'असू देत, लागलीच तर' म्हणून आठ जागा बाजूला टाकता येतात, याला श्रीमंती नाही तर काय म्हणायचं? मला खरंच लाज वाटली.

उर्वीला फोन लावला. "शनिवार पक्का धर. बाकीच्या सोडतोय."

"आणि रजा नाही मिळाली तर?"

"एसटी आहे."

"बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

उर्वीने साहेबांशी भांडून शनिवार मिळवला. इतकी वर्षं ती भांडलीच नव्हती, हाताशी तीन गाड्या होत्या ना!

मी तिकिटं रद्द केली आणि ऋत्विकचं वेटिंग गेलं, आरएसी झालं. म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसून यायचं. गोदाला सांगितलं.

"नवराबायकोच हायत, बसतील की!" तिने हात जोडले. "भाऊ, तुमच्यामुळं झालं."

ते आभार मी पचवलेही असते, पण दारात उमा उभी होती.

"गोदा," मी म्हटलं, "माझ्यामुळं अडलं होतं. त्या गाडीतल्या चार जागा मीच धरून बसलो होतो."

गोदाने जोडलेले हात सोडले. मग म्हणाली, "गेल्या साली पोरगा रातभर दाराशी उभा राहून आला. तवा पण?"

"तेव्हाही."

तिने टोपली डोक्यावर घेतली. मला वाटलं, ही आता परत काही येत नाही. तर फाटकापाशी खो खो हसायला लागली. "तरीच! म्हटलं, भाऊ एवढ्या पोटतिडकीनं शिव्या घालतात तरी कोणाला!" आणि जाता जाता बजावलं, "यंदा गणपती आणायला या. छत्री तुम्ही धरायची."

गेलो. ऋत्विकच्या डोक्यावर गणपती, गणपतीवर माझी छत्री, दोन्ही बाजूंना भात पोटरीवर आलेलं.

"काका," ऋत्विक म्हणाला, "आई सांगत होती, तिकिटं तुमच्यामुळं मिळाली."

मी मागे पाहिलं. गोदा गालातल्या गालात हसत होती.

"अर्धंच सांगितलंन तिने," मी म्हटलं, आणि उरलेलं अर्धं त्याला घर येईपर्यंत सांगत राहिलो.