तटस्थ राष्ट्राची फाइल

आमचे हे चाळीस वर्षं परराष्ट्र खात्यात होते, शेवटी राजदूत. त्यांचे कागद एका संग्रहालयाला द्यायचे ठरले, म्हणून मी फरीदाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाट उपसत बसले होते. तळाशी एक जाडजूड फाइल निघाली: 'दोन शेजारी राष्ट्रांतील वाढता तणाव. अतिगोपनीय.'

उघडून बघते तर दोन राष्ट्रं म्हणजे मी आणि समोरच्या मिसेस सक्सेना!

चार वर्षांपूर्वी होळीला तिनं स्टीलच्या डब्यातून गुजिया पाठवल्या. आता डबा रिकामा परत कसा करायचा? मी चकल्या भरल्या. तिलाही तोच प्रश्न पडला, तिनं मठरी भरली. तेव्हापासून तो मेला डबा येतोय-जातोय आणि आम्ही दोघी तळतोय. माझे गुडघे गेले, यार!

यांनी सगळं तारीखवार टिपलं होतं. '९ मार्च. सक्सेना पक्षाकडून बालुशाही. आपल्याकडून चिरोटे. प्रत्युत्तर खुसखुशीत.'

शेवटच्या पानावर तोडगाही होता: 'एका पक्षाने डबा रिकामा परत केल्यास संघर्ष त्याच दिवशी संपेल.'

"अहो, हे माहीत होतं तर चार वर्षं तोंड का नाही उघडलंत?" मी ओरडले.

हे चावत राहिले. तोंडात मठरी होती.

मी पान उलटलं. मागे लाल शाईत लिहिलं होतं: 'तोडगा दडपून ठेवावा. तटस्थ राष्ट्राचे उत्तम चालले आहे.'