गुरुवारच्या रकान्यातली खूण

आमच्या घरात जेवणाआधी प्रत्येकाने दिवसभरातली आपली एक चूक सांगायची, मग प्रार्थना, मग जेवण. ही रीत मीच पाडली. चर्चमध्ये उपदेश चालू असला की माझ्या दोन्ही मुली जांभया देतात, म्हणून विश्वास शिकवायचा तर ताटावर शिकवू, असं बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. पहिली चूक नेहमी बापाची. कुणावर तरी खेकसलो, कुठे तरी रांग मोडली, असल्या फुटकळ चुका मी रोज नम्र चेहऱ्याने सांगायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गोदामातल्या मालाच्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे आहे. रोज सकाळी ब्रेक तपासायचा आणि तक्त्यावर त्या दिवसाच्या रकान्यात खूण करायची. मी सोमवारीच आठवड्याच्या खुणा उरकून टाकतो. सगळेच तसं करतात, असं मी स्वतःला सांगत आलो. आज, गुरुवारी, लिफ्ट अर्धा मजला घसरली आणि पॅकिंगमधल्या मावशींचा पाय मोडला. मॅनेजरने तक्ता पाहिला. गुरुवारी ब्रेक ठीक, खाली माझी सही. म्हणजे लिफ्टवाल्यानेच माल जास्त भरला, असं ठरलं. उद्या सकाळी त्याला काढून टाकणार. तो बिचारा माझ्याकडे बघत होता, आणि मी मूग गिळून बसलो.

खरं बोललो तर नोकरी जाते. गप्प बसलो तर त्याची जाते, आणि त्याच्या घरात खाणारी सहा तोंडं. इकडे आड, तिकडे विहीर. घरी आल्यावर स्वयंपाकघरात बायकोला अपघात सांगितला, लिफ्टवाल्याला काढणार हेही सांगितलं, पण तक्त्याचा विषय टाळला.

जेवायला बसलो. तिघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. जरा डोकं दुखतंय म्हणून आज राहू द्या, असं म्हणून पाहिलं. थोरली म्हणाली, मागच्या महिन्यात ताप असताना मलाही सुट्टी मिळाली नव्हती. माझीच शिस्त माझ्या गळ्यात. मी सांगितलं की बसमध्ये एका म्हाताऱ्या बाईला जागा दिली नाही. थोरलीने मैत्रिणीची वही लपवली होती. बायको शेजारणीला टाकून बोलली होती.

मग धाकटीची पाळी आली. सोमवारी तिच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तिला मी कामावर घेऊन गेलो होतो. लिफ्टवाल्याने तिला दिवसभर बटणं दाबू दिली होती.

"मावशींचा पाय माझ्यामुळे मोडला," ती म्हणाली. "बाबांनी मला पेन दिलं होतं. गुरुवारची खूण मी केली. तक्त्यावर ब्रेक असं लिहिलं होतं, पण तो आधी बघायचा असतो, हे मला माहीत नव्हतं."

खूण कुणी केली हे मी विसरूनसुद्धा गेलो होतो. तिचा हट्ट म्हणून पेन हातात दिलं होतं, एवढंच. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"लिफ्टवाल्या काकांना काढणार आहेत, तुम्ही आईला सांगताना मी ऐकलं," धाकटी रडत म्हणाली. "मी उद्या येऊन सांगू का? साहेब मला मारतील?"

माझी फार लाज वाटली मला. आठ वर्षांची पोर, मी शिकवलेलंच करत होती, आणि ते करायला माझ्यात हिंमत नव्हती.

"चूक तुझी नाही गं," मी म्हणालो. "सही माझी आहे."

बायको म्हणाली, "मग तुम्हीच सांगा. आत्ता."

मी तिथेच, ताटावर बसून, मॅनेजरला फोन लावला. उद्या बोलू, जेवतोय, असं तो म्हणाला. उद्यापर्यंत माझं धैर्य टिकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"लिफ्टवाल्याला काढू नका," मी म्हणालो. "ब्रेक मी तपासलाच नव्हता."

तो म्हणाला, उद्या आत येऊ नका, गेटवरच थांबा. मी फोन ठेवला. धाकटीने डोळे पुसले आणि प्रार्थनेसाठी माझा हात धरला.