सत्तावीस नंबरचा तुकडा

सुनेने शिवलेला चौकोन उलटा केला, कडेला लाकडी पट्टी लावली आणि आकडा वाचला. नऊ. यायला हवे होते साडेनऊ. तिने पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूने मोजून पाहिलं. तिथेही नऊच.

“किती?” समोरच्या खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं.

“अर्धा इंच खाल्ला कापडाने.”

“कापड काही खात नाही. शिवण किती घेतलीस?”

“पाव इंचच घेतली.”

“पाव इंच घेतली असतीस तर साडेनऊ आला असता. प्रत्येक शिवणीत सूतभर जास्त जातंय तुझ्याकडून. उसव.”

सून उसवायला बसली. गोधडीचा एक चौकोन म्हणजे नऊ तुकडे, तीन ओळींत तीन-तीन. महिनाभरात तिने असे सात चौकोन शिवले होते. त्यातले दोन सासूबाईंनी ‘चालतील’ म्हणून बाजूला ठेवले होते, आणि सासूबाईंच्या तोंडचं ‘चालतील’ म्हणजे इतरांच्या तोंडचं ‘वा’ असतं हे तिला वीस वर्षांच्या सहवासाने माहीत होतं. उरलेले पाच उसवून, इस्त्री करून, पुन्हा शिवून, पुन्हा उसवून इतके मऊ झाले होते की आता त्यांची धुळीची फडकीच व्हायची.

सासूबाईंची अठ्ठावीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात, कटिंग खात्यात गेली होती. समोरून येणाऱ्या माणसाची बाही कुठे चुकली आहे ते त्या चालता चालता सांगत, आणि दुर्दैवाने त्या माणसालाच सांगत. आठवण तर अशी, की घरात त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. सात वर्षांपूर्वी कोण काय बोललं, कुठे बसून बोललं आणि बोलताना कुणाकडे बघत नव्हतं, हे सगळं त्यांच्याकडे जमा असे. लग्न होऊन आल्यापासून सून या आठवणीपुढे हरत आली होती.

आणि आता त्याच सासूबाई म्हणत, “मोज तूच. माझ्या मोजण्याचा काय भरवसा?” त्या कात्री हातात घेत नसत, पेन्सिल घेत नसत. खुर्चीत बसून तोंडाने शिकवत. घरभर त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. गॅसच्या वर ‘बंद केला का’, दाराच्या आतल्या बाजूला ‘किल्ली’, औषधाच्या डबीवर ‘सकाळची घेतली’. त्यांच्या पर्समध्ये मात्र मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी होती, नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली. “कुठे चुकलीस तर असावी,” तो म्हणाला होता. वाचनालय दोन गल्ल्या सोडून होतं. पण गेल्या चार महिन्यांत त्या एकट्या तिथवरही गेल्या नव्हत्या.

हे सगळं एका पिशवीवरून सुरू झालं होतं.

नात शिकायला परगावी जाणार, वसतिगृहात राहणार म्हणून सासूबाईंनी तिच्यासाठी गोधडी करायला घेतली होती. घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे कापून, प्रत्येकावर नंबर घालून, एका पिशवीत भरून त्यांनी ती कपाटामागे ठेवली होती. कुणाला बोलल्या नव्हत्या. नातीला ऐनवेळी चकित करायचं होतं. सून छापखान्यात पुस्तकबांधणीच्या खात्यात कामाला. तिथल्या मशीनवाल्याने रूळ पुसायला चिंध्या मागितल्या होत्या. घर आवरताना पिशवी दिसली, वरवर पाहिली तर जुने शर्ट, जुने फ्रॉक. ती घेऊन गेली. दोन दिवसांत निम्म्या चिंध्या शाईने काळ्या होऊन फेकल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी मशीनवाल्याच्या हातातल्या फडक्यावर तिला पेन्सिलीने लिहिलेला सत्तावीस दिसला, आणि या चिंध्या नव्हत्या हे तिला कळलं. पिशवीतल्या उरलेल्या तुकड्यांवर तेलाचा डबा लवंडला होता. तिने तो एक तुकडा तेवढा मागून घेतला.

घरी जाऊन सांगून टाकायचं असं तिने बसमध्ये ठरवलं होतं. पण दारातच सासूबाई म्हणाल्या, “अगं, मी माझी ती पिशवी कुठे ठेवली असेन?”

‘मी’ म्हणाल्या. ‘तू पाहिलीस का’ असं विचारलं असतं तर कदाचित तिने सांगितलं असतं. ती म्हणाली, “शोधू या आपण.” आणि खरोखर शोधू लागली. नसलेल्या पिशवीसाठी तिने माळा उपसला, पलंगाखाली वाकली, शेजारणीकडे चौकशी केली. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तिला मनातून थोडं बरंही वाटलं होतं. कधी न चुकणारं माणूस एकदा तरी चुकलं, असं निदान त्यांना स्वतःला वाटत होतं. त्या बरं वाटण्याची आठवण आली की आता तिचे कान तापत.

पुढचं फार झपाट्याने झालं. आठवडाभर शोधल्यावर नवरा म्हणाला, “आई, तू ते तुकडे कापलेच नसशील. कापायचं मनात असेल नुसतं.” सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आणि एक वही आली. दिवसभरात काय विसरलात ते त्यात लिहून आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ज्या बाईने आयुष्यात काही विसरलं नव्हतं तिला रोज काहीतरी विसरलेलं शोधून लिहावं लागलं, आणि शोधलं की सापडतंच. नात दुकानातलं पांघरूण घेऊन गेली. घर दिवसा रिकामं पडायला लागलं. तेव्हा नणंद म्हणाली, आईला एकटीला ठेवण्यात अर्थ नाही, मी घेऊन जाते. उद्या रविवारी ती येणार होती. पलंगाशेजारी अर्धी भरलेली बॅग उघडी होती.

शिवण शिकवा, असं सुनेने महिन्यापूर्वी आपणहून म्हटलं होतं. वीस चौकोन शिवून पुरे केले, गोधडी झाली, की मनावरचं ओझं उतरेल असा तिचा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे हे तिला पहिल्याच चौकोनाला कळलं. सासूबाई तिच्यावर खूश होत्या, आणि तेच सोसत नव्हतं.

“झालं उसवून?” सासूबाईंनी विचारलं. “तो राहू दे आता. नवीन कापायला घे. उद्या मी नसेन, कापणं तरी नीट बघून ठेवते.”

सुनेने साडेतीन इंचांचे नऊ तुकडे कापले. हात आता बरा बसला होता. “नंबर घाल,” सासूबाई म्हणाल्या. “उलट्या बाजूला, कोपऱ्यात. नाहीतर इस्त्रीला नेईपर्यंत कोणता कुठला ते कळत नाही.”

तिने पेन्सिल घेतली. उद्याचाच विचार डोक्यात होता. बॅग, रिक्षा, नणंदेच्या घरातली ती मागची खोली. एकापासून नऊपर्यंत आकडे घालून तिने तुकडे सासूबाईंच्या मांडीवरच्या ताटात मांडले.

सासूबाईंनी चष्मा लावला. पहिला तुकडा उचलला, उजेडाकडे धरला. दुसरा उचलला. मग पुन्हा पहिला.

“हे काय काढलंयस?”

आकड्याच्या बाजूला एक टिंब होतं आणि टिंबावर छोटी कमान. नऊच्या नऊ तुकड्यांवर. सून बघतच राहिली. आपल्या पर्समधला तो सत्तावीस नंबरचा तुकडा ती चार महिने रोज काढून बघत होती. हाताने तो पाठ केला होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

“ही माझी खूण,” सासूबाई म्हणाल्या. “कारखान्यात प्रत्येक कटरची वेगळी असायची. तुकडा चुकला तर कुणाचा हात, ते लगेच कळायचं. ही कुणी सांगितली तुला?”

सुनेने पेन्सिल ताटाच्या कडेला ठेवली.

सासूबाईंनीच तिची सुटका केली. “मीच दाखवली असणार, दुसरं कोण? बघ, तेही लक्षात नाही.” त्या हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी शेजारची वही ओढली, पेनाचं टोपण काढलं, तारीख घातली. मग सावकाश, कटरच्या नेटक्या अक्षरात लिहू लागल्या. ‘सुनेला खूण शिकवली. आठवत’

“लिहू नका, आई.”

“अगं, डॉक्टरांना दाखवायचं असतं.”

“तुम्ही नाही शिकवलीत.”

पेन तिथेच थांबलं. सून उठली, खुंटीवरची आपली पर्स काढली. आतल्या कप्प्यातून घडी केलेला तुकडा काढून तिने ताटात ठेवला. निळ्या रेघांचा, अर्धा शाईने काळा झालेला.

“पिशवी मी नेली होती. छापखान्यात. चिंध्या समजून.” तिने घडी उलगडून आकड्याची बाजू वर केली. “हा एवढाच राहिला.”

सासूबाईंनी तुकडा हातात घेतला नाही. वाकून नुसता पाहिला.

“सत्तावीस,” त्या म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यांचा शर्ट. तिसऱ्या चौकोनातला शेवटचा.” मग त्यांनी विचारलं, “एकूण किती होते?”

“मला नाही माहीत. मी मोजले नव्हते.”

“एकशे ऐंशी. वीस नव्वे एकशे ऐंशी. मी त्याला सांगत होते एकशे ऐंशी कापलेत म्हणून. तो म्हणाला, कापलेच नसशील.” त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. “तुला कधी कळलं?”

“तिसऱ्या दिवशी.”

“म्हणजे डॉक्टरांकडे जायच्या आधी.”

“हो.”

ती म्हणाली, “चुकलं माझं, आई. रोज सांगायचं ठरवत होते.”

“नेलीस ती चूक. ती कुणाकडूनही होते,” सासूबाई म्हणाल्या. “नंतरच्याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही.”

त्यांनी मांडीवरचं ताट टेबलावर ठेवलं. नऊ तुकडे एकावर एक रचले, कडा जुळवल्या. मग टेबलावरची कात्री घेतली. चार महिन्यांत पहिल्यांदा. सुनेला वाटलं त्या तुकडे कापून टाकणार. पण त्यांनी वरच्या तुकड्याची एक कड, जिथे केसभर कापड जास्त राहिलं होतं, तेवढीच सरळ उतरवली आणि कात्री खाली ठेवली.

मग त्या उठल्या. गॅसवरची चिठ्ठी काढली, दारावरची काढली, औषधाच्या डबीवरची नखाने खरवडून काढली. घाई नव्हती. चिठ्ठ्यांचा बोळा करून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला. बॅगेकडे एकदा पाहिलं आणि ती पायाने पलंगाखाली सरकवली.

“चहा करू?” सुनेने विचारलं.

“नको.”

वाचनालयाची कापडी पिशवी दाराआड अडकवलेली होती. सासूबाईंनी ती खांद्याला लावली, चपला घातल्या. आपली पर्स उघडून मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी काढली आणि टेबलावर कात्रीखाली ठेवली. किल्ली त्यांच्या हातात होती. कुठून घेतली ते सुनेने पाहिलंही नव्हतं.

“संध्याकाळी तो आला की त्याला तूच सांग,” दारातून त्या म्हणाल्या. “मी मध्ये बोलणार नाही. आणि तो चौकोन शिवायला घेऊ नको. आज माझ्याने शिकवणं होणार नाही.”

“उद्या?”

सासूबाईंनी दार ओढून घेतलं.

सून खिडकीशी गेली. सासूबाई फाटकातून बाहेर पडल्या. रस्ता ओलांडताना त्या दोन्हीकडे पाहून थांबल्या, एक सायकल जाऊ दिली. कोपऱ्यावर डावीकडे वळल्या. वाचनालय डावीकडेच होतं.

ती टेबलाशी परत आली. वही उघडीच होती. ‘सुनेला खूण शिकवली. आठवत’ एवढ्यावर ओळ थांबलेली. तिने ती मिटली. तेवढ्यात फोन वाजला. नणंद होती.

“अगं, उद्या सकाळी लवकरच निघते मी. आईची बॅग भरून झाली का? दे बघू तिला.”

“आई घरात नाहीत, ताई. वाचनालयात गेल्यात.”

“कुणाबरोबर?”

“एकट्या.”

“एकट्या? आणि तू जाऊ दिलंस?” नणंदेचा आवाज चढला. “ती चिठ्ठी तरी आहे ना तिच्याजवळ?”

सुनेने कात्रीखालच्या कागदाकडे पाहिलं. शेजारी नऊ तुकडे होते, वरच्यावर एकचा आकडा, बाजूला कमान आणि टिंब. तिने रबर घेतलं आणि खूण पुसायला लागली. पेन्सिल दाबून चालवली गेली होती, कापडावरून नीट जाईना.

“नाही,” ती म्हणाली. “ताई, तुम्ही जरा बसता का? मला तुम्हाला काही सांगायचंय. वेळ लागेल.”

आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येईपर्यंत ती थांबली.