राणीचा पट्टा

ही गोष्ट १९६८ सालची. मी आणि माझी मावसबहीण एकाच टेलिफोन ऑफिसात बोर्डावर शेजारी शेजारी बसायचो. मी खात्यासाठी गोळा फेकायचे, ती आठशे मीटर धावायची. तिला सगळे भिंगरी म्हणत. मी कायम झाले होते, ती अजून हंगामी. खात्याच्या स्पर्धेत पहिल्या तिघींत आलीस तर कायम, नाहीतर घरी बस, असं तिला तोंडावर सांगितलं होतं. तिच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि कमावणारी ती एकटी.

त्या ऑफिसची आठवण निघाली की अजून कानाला हेडफोनची ऊब जाणवते, बोर्डावरचे दिवे लुकलुकतात, भिंगरीचं दाबलेलं हसू ऐकू येतं. काय दिवस होते ते, असं म्हणायला तोंड उघडावं, तर नाकात तो वास शिरतो. पट्ट्याचा.

पट्टा वीतभर रुंद, रबरी धाग्यांनी विणलेला, मागे हुकांची ओळ. त्याआधी दहा वर्षं आमच्या खात्यातली एक मुलगी तो छातीला आवळून धावली आणि पहिली आली. तिला तेव्हापासून राणी म्हणू लागले. राणी लग्न होऊन गेली, पट्टा मागे राहिला. मोठ्या शर्यतीला जिच्यावर भिस्त असेल तिनं तो घालायचा, आणि तो कधी धुवायचा नाही. धुतला की त्यातलं यश जातं म्हणे! किती जणींचा घाम त्यात मुरला होता कोण जाणे. मूळचा पांढरा, पण काखेपाशी पिवळा आणि मधे तपकिरी झालेला. वाळला की पुठ्ठ्यासारखा उभा राहायचा. मास्तर, म्हणजे आमचे प्रशिक्षक, तो जुन्या बुटांच्या कपाटात ठेवत.

भिंगरी अंगानं भरलेली. "पाय कुठले दुखतात ताई," ती मला म्हणायची, "दर पावलाला छाती कुणी मुळापासून ओढतंय असं वाटतं." दुकानात मिळायच्या त्या ब्रेसियर, आम्ही बॉडी म्हणायचो, सुती आणि टोकदार शिवणीच्या. त्या घालून फार तर खुर्चीत बसता येई. शेवटी ती बाईंकडे गेली. बाई आमच्या सुपरवायझर, आणि महिला संघाचं सगळं त्याच बघायच्या.

"दुखतं? आम्हाला काय गुदगुल्या व्हायच्या?" बाई म्हणाल्या. "पट्टा मिळतोय हे नशीब समज."

त्यांनी भिंगरीच्या पाठीत गुडघा रोवला आणि हुक ओढले. दाराबाहेरून मास्तर ओरडले, "आवळा बाई, चांगला आवळा! वरचं सामान बांधलं की गाडी पळते!" बाहेरचे सगळे हसले. बाईही हसल्या. ते हसू आठवलं की मला आजही तोंड धुवावंसं वाटतं.

तेव्हापासून सरावालाही रोज तोच पट्टा. छातीखालची कातडी सोलली, फोड आले, फोड फुटून पिकले. संध्याकाळी तो काढताना मी कोमट पाणी लावून भिजवायचे, कारण तो कातडीला चिकटलेला असे. सुटताना चर्र आवाज व्हायचा. त्यातून येणारा वास धड घामाचाही नव्हता आणि धड जखमेचाही. मी श्वास रोखून धरायचे. भिंगरीला तर रोखायलाही श्वास पुरत नसे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "ताई, मी हा धुणार."

"वेड लागलंय? बाई सोलून काढतील तुला."

"सोलायला काही शिल्लक आहे का?"

जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या न्हाणीघरात आम्ही बादलीभर उकळतं पाणी केलं, धुण्याचा सोडा टाकला आणि पट्टा बुडवला. पाणी बघता बघता गढूळ झालं. वर साय धरली. एक जुनी चिकटपट्टी तरंगत आली, मग एक लांब केस. तो ना तिचा होता ना माझा. मी कोपऱ्यात जाऊन ओकले.

पट्टा जवळजवळ पांढरा निघाला. भिंगरीनं ताणला तर तो ताणलेलाच राहिला. रबर विरघळलं होतं.

"मेला," ती म्हणाली. दोघी हसता हसता रडायला लागलो. पट्टा नाही तर नाव नाही, हा बाईंचा नियम होता, आणि नाव नाही तर नोकरी नाही.

मग त्या रात्री घरी बसून दोन बॉडी घेतल्या, एक सुलटी, एक तिच्यावर उलटी. खांद्यांवर नि कुशींना शिवल्या, खाली मऊ टॉवेलची घडी लावली. भिंगरीनं खोलीतच उड्या मारून बघितल्या. "ताई, जागच्या जागी आहे गं!" पट्टा आम्ही कडक चहात बुडवून पुन्हा तपकिरी केला आणि वरून सेफ्टी पिनांनी गुंडाळला. सकाळी बाईंनी लांबूनच पाहिलं. नाकाला रुमाल होता. दहा वर्षं मुलींना घालायला लावलेल्या वस्तूजवळ त्यांना उभंसुद्धा राहवत नव्हतं.

दुसऱ्या फेरीत भिंगरी चौथी होती. वळणावर पिन सुटली. पट्टा बनियनखालून घसरला आणि शेपटासारखा मागे लोळू लागला. लोक खिदळले, कुणी शिट्टी मारली. भिंगरीनं तो ओढून काढला, भिरकावला, आणि दोन्ही हात मोकळे सोडून अशी सुटली की तिसरीला शेवटच्या चार ढांगांत मागे टाकलं.

मास्तर धावले, पण तिच्याकडे नाही. त्यांनी मातीतला पट्टा उचलून छातीशी धरला. "बघितलंत? नेमकं वळणापर्यंत पोचवलं यानं!"

भिंगरी कायम झाली, आणखी काही वर्षं धावली, ट्रंक कॉल विभागाची प्रमुख होऊन निवृत्त झाली. छातीखालचे काळे व्रण तेवढे राहिले. बाईंचा मुलींना घडवल्याबद्दल सत्कार झाला. मास्तर क्रीडा अधिकारी झाले आणि त्याच खुर्चीत वारले. मी निवृत्त होईपर्यंत गोळा फेकत राहिले, दर वेळी मागून दुसरी आले तरी.

गेल्या वर्षी जुन्या ऑफिसात समारंभ होता. दर्शनी भागात काचेच्या पेटीत पट्टा मांडलेला. खाली पाटी, "विजयी पट्टा. आजवर कधीही न धुतलेला." एक तरुण खेळाडू त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती.

बाहेर येऊन मी भिंगरीला फोन लावला आणि पाटीवरचं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "चहाचा रंग टिकलाय का गं?"

"टिकलाय."

"शी!" ती म्हणाली, आणि तेच जुनं दाबलेलं हसू हसली.