वजाच्या कळीवर कोणाचं बोट होतं

मित्रांनो, मी बोटांनी घासून गुळगुळीत झालेला एक काळा कीबोर्ड आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. काही खणखणीत बोललो तर वाईट वाटून घेऊ नका.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. लाड कोणी केले नाहीत. प्रत्येक कळ एकदा दाबून पाहिली आणि मला खोक्यात कोंबलं. नशीब मात्र बरं, ताईंच्या टेबलावर आलो. ताई एका छोट्या कचेरीत कंपन्यांसाठी विक्रेते शोधत. तेही ऐरेगैरे नाहीत. डायलिसिसचं, म्हणजे रुग्णाचं रक्त शुद्ध करणारं यंत्र विकायचं तर ते आतूनबाहेरून ठाऊक असणारा माणूस लागतो. असा माणूस जाहिरात वाचून धावत येत नाही. त्याला इंटरनेटवर हुडकून काढावं लागतं.

ताई त्यात पटाईत होत्या. दोन शब्द अवतरणचिन्हांत घालून जोडीनेच शोधायचे, एकाच हुद्द्याची चार नावं 'किंवा'ने जोडायची, नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह टाकायचं, म्हणजे तो शब्द असलेली पानं गायब. अकरा वर्षं त्यांची बोटं माझ्यावर फिरली. साहेब पाहुण्यांना सांगत, "आमच्या ताई पाताळातूनही माणूस शोधून आणतील."

मग एका मोठ्या कंपनीला महिनाभरात डायलिसिस यंत्रांचे पाच विक्रेते हवे झाले. ताईंच्या यादीत शिकाऊ पोरंच फार येतात, असं साहेबांच्या मनाने घेतलं. ते स्वतः ताईंच्या खुर्चीत बसले आणि शोधाच्या ओळीत वजाचं चिन्ह देऊन पुढे 'प्रशिक्षण' हा शब्द घातला.

"साहेब, असं नका करू," ताई म्हणाल्या. "त्याने चांगली माणसंही जातील."

"ताई, मला शिकवू नका. ही ओळ आता कायम. कोणी हात लावायचा नाही."

अहो शहाणे! यंत्र विकणारा ते दारात टाकून पळतो का? तो आठ-आठ दिवस दवाखान्यात थांबून परिचारिकांना ते चालवायला शिकवतो. ज्याने खरंच काम केलंय, त्याच्या माहितीत 'परिचारिकांना प्रशिक्षण दिले' हे असतंच असतं. साहेबांनी एका कळीत सगळे जाणकार हाकलून लावले! उरले डायलिसिस हा शब्द नुसता शोभेला लिहिणारे अत्तरवाले आणि गाद्यावाले. ताई रोज त्यांना फोन करत आणि रोज तोंडघशी पडत. ओळ बदलू द्या म्हणून त्यांनी आणखी दोनदा विनवलं, दोन्ही वेळा बोलणी खाल्ली.

महिना संपायला चार दिवस उरले असताना एक बाई तरातरा आत आल्या. "बारा वर्षं हीच यंत्रं विकतेय मी. मागची नोकरी तुम्हीच लावून दिलीत. आता ती कंपनी बंद पडली, माझी सगळी माहिती नेटवर आहे, आणि तुमचा साधा एक फोन नाही?"

ताईंनी साहेबांची ताकीद गुंडाळून ठेवली आणि तो वजा खोडला. पडद्यावर बासष्ट जण आले. पहिलं नाव त्या बाईंचंच. ताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि बाकीच्यांना फोन लावायला घेतले.

पण उशीर झाला होता. एकही माणूस मिळेना म्हणून कंपनीने कंटाळून काम आधीच दुसऱ्या कचेरीला दिलं होतं आणि वर विचारलं, एवढ्या दिवसांत पाच माणसं कशी मिळाली नाहीत? साहेबांनी उत्तर माझ्यावरच टाईप केलं. 'शोधाची ओळ आमच्या कर्मचारी बाईंनी चुकीची लिहिली. त्यांना आजपासून कामावरून कमी केले आहे.'

खोटं बोलायला तोंड लागतं, असं तुम्हाला वाटत असेल. दहा बोटंही पुरतात. मी 'च'ची कळ अडकवून पाहिली. त्यांनी ती दणकन दाबली.

"ओळ कोणी लिहिली ते तुम्हाला माहीत आहे," ताई जाताना एवढंच म्हणाल्या. साहेब मोबाइलमध्ये बघत राहिले.

आता ते माझ्यावर ताईंच्या जागी माणूस शोधतात. काल त्यांनी शोधाच्या ओळीत पहिला शब्द टाकला, 'प्रामाणिक'. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मित्रांनो, शेवटी 'मला जपा, माझी धूळ पुसा' असं सांगायची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. मी नाही सांगणार. धूळ मी सोसेन. तुमच्या हातून चूक झाली, तर उभे राहा आणि 'माझी चूक' म्हणा. लाज वाटेल, चेहरा पडेल, पण तेवढ्यावर भागेल. ताईंची अकरा वर्षं गेली.