झटकेमामांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पण माझ्यावर कुणी हवा खायला बसत नसे. माझ्यावर माणसांना पालथे झोपवून पट्ट्यांनी बांधत असत, आणि मग ती माणसे ओरडत असत.

माझा जन्म लाकडाच्या वखारीत झाला. तिथल्याच एका हमालाने मला जाड फळ्या निवडून करून घेतले. त्याच्या पाठीत एकदा ओंडका बसला होता आणि त्याची कंबर धरली होती. एका जुन्या सोबत्याने पाठीत गुडघा रोवून त्याला जोराचा हिसका दिला, आणि नशिबाने तो उठून चालू लागला. त्या दिवसापासून त्याची खात्रीच पटली, की दुखणे म्हणजे चोर, आणि चोराला तुडवावेच लागते. वखार सोडून त्याने गल्लीत एक खोली घेतली, तिच्या मधोमध मला मांडले आणि लोकांची हाडे बसवायला सुरुवात केली. लोक त्याला झटकेमामा म्हणू लागले.

मामांची रीत ठरलेली होती. रोग्याच्या तोंडात पंचा द्यायचा. छातीवर आणि खांद्यांवर पट्टे आवळायचे. मग कमरेत गुडघा घालून दोन्ही पाय वर ओढायचे. कडकन आवाज झाला, की मामा म्हणत, "पळाला बघ चोर!" काहींना चार दिवस बरे वाटे. ते गावभर मामांचे गुण गात, मलाही हात लावून नमस्कार करत. ज्यांचे दुखणे वाढे, ते सांगायला परत येत नसत. आणि न येणाऱ्यांना मामा बरे झालेल्यांत मोजत.

मामींचे गुडघे कित्येक वर्षे दुखत होते, पण त्या माझ्याकडे कधी फिरकल्या नाहीत. "माझे गुडघे आहेत तसे माझ्यापाशीच राहू देत," असे त्या आतल्या खोलीतून म्हणत.

एका सकाळी एक गवंडी आला. दहा वर्षे पाट्या आणि विटा उचलून त्याची पाठ कामातून गेली होती. थोरला भाऊ त्याला धरून घेऊन आला आणि बाहेर थांबला. तो ट्रक चालवी, आणि त्याचे मनगट माझ्या पायाएवढे जाड होते.

गवंडी आडवा होता होता म्हणाला, "मामा, कालपासून बसायच्या जागी बधिर वाटतंय. लघवीलाही..."

"पंचा धर तोंडात. बायकांसारखा रडू नकोस."

मामांनी ओढले. कडकन आवाज झाला नाही. त्या माणसाच्या तोंडातून पंचा गळून पडला आणि तो असा किंचाळला, की माझ्या फळ्या थरारल्या. मामांना वाटले, चोर दडून बसला. त्यांनी पुन्हा ओढले. मग किंचाळणे थांबले, आणि माझ्यावर काहीतरी कोमट पसरले. गवंड्याला आपली लघवी झालेली कळलीही नव्हती.

"ऊठ! नाटकं करतोस?" पट्टे सोडून मामांनी त्याच्या पायावर फटका मारला. पाय हलला नाही. त्यांनी आणखी जोरात मारला. "मामा, पाय कुठंय माझा?" गवंडी पुटपुटला.

तेवढ्यात थोरला आत आला. त्याने माझ्यावरून गळणारे थेंब पाहिले, भावाचा चेहरा पाहिला, आणि वाकून माझ्या पायांमधली आडवी पट्टी एका हिसक्यात उपटली. पहिला घाव भिंतीवर बसला. दुसरा मामांच्या खांद्यावर. तिसरा अडवायला मामांनी उजवा हात पुढे केला, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच मामांचे स्वतःचे हाड कडाडले. मामा कोसळले. थोरल्याने चौथ्यांदा पट्टी उचलली, ती थेट डोक्यावर नेम धरून.

मामी लंगडत मध्ये आल्या. "मुडदे नंतर पाडा! आधी त्याला उचला!"

गवंड्याला उचलायला दुसरे काही नव्हते. त्यांनी मलाच उचलले. डोक्याकडे थोरला, बाजूंना दोन शेजारी, आणि पायाकडे एका हाताने मामा. दुसरा हात लोंबकळत होता. रस्ताभर थोरला मागे वळून ओरडत होता, "याला काही झालं, तर तुझी दुसरी बाजूही मोडीन!" पण मामांनी मला सोडले नाही.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी गवंड्याला तपासून सरळ शस्त्रक्रियेला नेले. मणक्यांमधली गादी सरकून खालच्या नसा चेंगरल्या होत्या. "उद्या आणला असता, तर फार उशीर झाला असता," ते म्हणाले.

मामांच्या खोलीला पोलिसांनी कुलूप लावले. मला परत न्यायला कुणी आले नाही. इस्पितळाच्या सुताराने मला नवी पट्टी ठोकली आणि व्यायामाच्या खोलीबाहेर ठेवले.

तिथे मी वेगळेच पाहिले. त्या खोलीतल्या बाई कुणाला शेक देत, कुणाला हळूहळू वाढवायचे व्यायाम शिकवत. कुणाला डॉक्टर गोळ्या देत, एखाद्याला सुई, आणि अगदी थोड्यांची शस्त्रक्रिया होई. मामीही गुडघ्यांचे व्यायाम शिकायला येऊ लागल्या. पलस्तर निघाल्यावर मामा आले. मनगट वळेना, तेव्हा ते बाईंवर खेकसले, "एकदाच ओढा आणि मोकळं करा!"

"ओढून मोकळं होत असतं, तर तुम्ही इथं कशाला आला असता?" बाई म्हणाल्या.

एके दिवशी थोरल्याने त्यांना तिथेच गाठले. मामांना भिंतीला दाबून त्याने गळा आवळला. मामांचे डोळे पांढरे झाले, तरी त्यांनी हात वर केला नाही. कर्मचाऱ्यांनी थोरल्याला ओढत बाहेर नेले. गवंडी माझ्यावर बसला होता. तो आता काठी घेऊन चाले, डावे पाऊल मात्र अजून फरपटे. तो नुसता पाहत राहिला.

खोकत मामा माझ्या दुसऱ्या टोकाला बसले. तेवढ्यात पाटीवर भाजी विकणारी एक बाई त्यांना ओळखून जवळ आली. "मामा, कंबर धरलीय, आणि इथं महिनाभर व्यायाम करायला सांगतात. तुम्ही एक झटका देऊन टाका ना!"

घोगऱ्या आवाजात मामांनी विचारले, "बसायच्या जागी बधिर वाटतं का? लघवी अडते का, नकळत होते का? पायातली ताकद गेलीय का?"

"छे, तसलं काही नाही."

"मग महिनाभर व्यायाम कर. आणि यातलं काही झालं, तर त्याच घटकेला इथं ये. माझ्यासारख्याकडं जाऊ नकोस."

ती गेल्यावर गवंडी म्हणाला, "हे मला का नाही विचारलंत?"

"तू सांगतच होतास," मामा म्हणाले. "मी ऐकलं नाही."

गवंड्याने त्यांना माफ केले नाही. आतून त्याला हाक आली, आणि तो काठी टेकत, पाऊल ओढत आत गेला.

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझी पट्टी उपटली, तर सुतार नवी ठोकतो. तुमच्या घरात कुणी कंबर धरून उठत असेल, जिना चढताना मध्येच थांबत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नका, की त्याच्या पाठीवर चढू नका. कुठे दुखते, कधीपासून दुखते, एवढे विचारा. आणि त्याचे सांगणे पुरे होईपर्यंत गप्प बसा.