वच्छलाबाईच्या बाडीतली बिही

मी बिही, सफरचंदाच्या कुळातलं झाड. केशोरी गावच्या वच्छलाबाईच्या घरामागच्या बाडीत, विहिरीजवळ उभी आहे. माझं फळ इकडं कोणी पाहिलं नाही. खोकल्यावर बिहीदाणा, म्हणजे माझं बी, देतात, तेवढीच माझी ओळख. मी थंड मुलखातली. कडाक्याच्या थंडीशिवाय मला फळ धरत नाही, आणि इथं विहिरीचा दगडसुद्धा तापतो. सांगू कोणाला?

मला आणलं बाईच्या पोरानं, योगराजनं. तो हिमाचलात बोगद्याच्या कामावर होता. ओल्या पोत्यात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर धरून आणलं. खड्डा खणताना म्हणाला, "माय, हे फळलं का मी आलोच समज." बोलून गेला, अन् परत कामावर गेला. त्या पावसाळ्यात तिकडं दरड कोसळली. बाकीच्यांचे देह सापडले. त्याचा नाही.

तेव्हापासून बाई मला पाणी घालते, पोराला जेवू घालावं तसं. नवरा भोजराज साधा माणूस. म्हणतो, "अवो, फोटोले हार घालू दे आता. तीन वर्सं झाली."

"झाड फळू द्या. मंग घाला."

"नाही फळलं तं?"

"गप्प बसा. पोरगा म्या जनला, तुमी नाही."

ग्रहणात वांझ झाडाला मुसळानं ठोकतात. एकीनं ठोकायचं, दुसरीनं मागं बसून झाडाच्या वतीनं कबूल व्हायचं. दिवाळी झाली अन् दुसऱ्या दिवशी सांजेला ग्रहण लागलं. बाई मुसळ घेऊन आली. शेजारची दुर्पता माझ्यामागं बसली.

"फळशील का?" ठक्क.

"फळीन व माय, मारू नको!" दुर्पता हसतच ओरडली.

"फळशील का?" ठक्क. साल फुटली.

"फळीन म्हणलं ना! कायले मारून राहिली एवढी?"

तिसऱ्यांदा मुसळ वर गेलं. "येशील का?"

दुर्पतानं पदर तोंडाला लावला. उजेड पितळेसारखा झाला होता. कावळेही ओरडत नव्हते.

"बोल ना व. हो म्हण."

"थे मले नाही बोलता येत, बाई." दुर्पता रडायलाच लागली.

बाईनं मुसळ खाली ठेवलं. सकाळी भोजराजनं फोटोला हार घातला. ती आडवी आली नाही.

आता मला कोणी मारत नाही. माणसांनो, झाडं लावा, खुशाल लावा. पण कोणाच्या येण्याचा शब्द आमच्या गळ्यात बांधू नका. रोज सांजेला ती माझ्या बुंध्याला हात लावून हळूच विचारते, "येशील का?" तेवढा वेळ वारा येऊ नये, असं वाटतं मला. एक पान जरी हललं, तरी ती हो समजेल.